तीन दिवस चूल बंद

प्रभावतीचं माहेर मालगुंडच्या बाजूचं, म्हणजे समुद्राकाठचंच. तरी समुद्राकाठी नुसतं बसणं तिला बावन्न वर्षांत कधी जमलं नव्हतं. लहानपणी किनाऱ्यावर जायचं ते वाहून आलेली लाकडं सरपणाला गोळा करायला, आणि डोक्यावर भारा असला की माणूस समुद्राकडे बघत नाही, पायाखाली बघतो. लग्न होऊन ती लांज्याच्या आतल्या एका वाडीत गेली. मग भाऊबीजेला एसटीच्या खिडकीतून दिसेल तेवढाच समुद्र तिच्या वाट्याला राहिला. नवरा मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, गणपतीला आणि शिमग्याला येणारा. एकच मुलगी, ती लग्न होऊन चिपळूणला. प्रभावती गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. सकाळी घरची चूल, दुपारी शाळेची, संध्याकाळी परत घरची.

त्या वर्षी गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल, दापोलीहून दमयंतीचा, म्हणजे तिच्या आक्काचा फोन आला. आक्का तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. हर्षद दोघींच्या पाठचा भाऊ, मिरजोळ्याला एका कारखान्यात सुपरवायझर. त्याच्या मनात आलंय, आक्का सांगत होती, की दोघी बहिणींनी जन्मभर राबण्यापलीकडे काही केलं नाही, तर दिवाळीनंतर दोघींना रत्नागिरीत समुद्रासमोर खोली घेऊन द्यायची. तीन दिवस. नवरे नाहीत, पोरं नाहीत. खायचं, झोपायचं आणि गॅलरीत बसायचं.

प्रभावतीला आधी ते खरं वाटेना. त्याला कारणही होतं. वडील जाऊन तीन वर्षं झाली होती आणि सातबाऱ्यावर तिघा भावंडांची नावं लागली होती. घर, कलमांची बाग आणि गावाच्या वर सड्यावरचा, म्हणजे उघड्या पठारावरचा, दोन एकर कातळ. पावसाळ्यात गवत उगवतं, बाकी वर्षभर नुसता तापतो, असला तो कातळ. वर्षश्राद्धाला जेवणं झाल्यावर हर्षदने बहिणींच्या हक्कसोडीचा विषय काढला होता. तेव्हा प्रभावती म्हणाली होती, "घर तुझं, कलमं तुझी. कातळावर माझं नाव तेवढं राहू दे. बाबांच्या नावाखाली माझं नाव लिहिलेला दुसरा कागद नाय रे माझ्याकडे." हर्षद हसला होता आणि पान लावायला लागला होता. त्यानंतर दोन वर्षं त्याने तिला आपणहून फोन केला नव्हता.

आता तोच खोली घेऊन देतोय म्हटल्यावर प्रभावतीला वाटलं, राग गेला असेल. उलट आपणच भावाबद्दल मनात वाकडं धरलं, याची तिला लाज वाटली.

मग दोघी बहिणींचं रोजचं बोलणं सुरू झालं. शाळेची भांडी घासून प्रभावती घरी आली की अडीचच्या सुमाराला फोन वाजायचा. कुठे जायचं, काय खायचं, यावर दोन महिने चर्चा चालली. सातच्या आत कुणी उठायचं नाही, हे पहिलं ठरलं. चहा खाली जाऊन प्यायचा नाही, वर मागवायचा. कोळंबी, सुरमई, जे काय असेल ते दुसऱ्या कुणीतरी तळलेलं खायचं आणि त्याला नावं ठेवायची नाहीत. हे कलम आक्काने घातलं, कारण प्रभावतीला दुसऱ्याच्या हातचं तिखट कधीच बरोबर वाटत नसे. एक दिवस भाट्याला वाळूत बसायचं, एक दिवस किल्ल्यावर भगवतीला, संध्याकाळी थिबा पॉइंट. कुणासाठी काही विकत घ्यायचं नाही. आक्काने दापोलीच्या बाजारातून दोन गाऊन घेतले, एकसारखे, जांभळ्या फुलांचे. दोघींनीही आयुष्यात कधी दिवसाउजेडी गाऊन घातला नव्हता. गॅलरीत गाऊन घालून बसलो आणि खालून कोण ओळखीचं गेलं तर, असं प्रभावतीने विचारलं. आक्का म्हणाली, आपल्याला रत्नागिरीत ओळखतंय कोण. त्यावर दोघी इतक्या हसल्या की प्रभावतीच्या शेजारणीने ओट्यावर येऊन चौकशी केली.

प्रभावतीने हे सगळं जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लिहून ठेवलं. निघायच्या चार दिवस आधी आक्काने अजून एक लिहायला सांगितलं: आधारकार्ड, पॅनकार्ड आणि दोन फोटो. हल्ली लॉजवाले सगळंच मागतात म्हणाली. प्रभावतीने लांज्याला जाऊन नवे फोटो काढून घेतले. आंबोडा नीट घातला होता, फोटो बरे आले होते.

भात झोडून घरात आलं, शाळेला दिवाळीची सुट्टी होती. नोव्हेंबरातलं लख्ख ऊन पडलं होतं. दुपारी दोघी रत्नागिरीच्या स्टँडवर भेटल्या. हर्षद स्वतः गाडी घेऊन आला होता. त्याने दोघींच्या पाया पडून पिशव्या उचलल्या. मांडवीच्या बाजूला दुसऱ्या मजल्यावर खोली होती, पांढऱ्या चादरी, बाहेर गॅलरी, गॅलरीत दोन खुर्च्या. समोर समुद्र. प्रभावती खुर्चीत बसली ती उठेचना. उन्हात पाणी इतकं चमकत होतं की डोळे बारीक करावे लागत होते, आणि डोक्यावर काही नव्हतं, हातात काही नव्हतं. पोऱ्याने वर चहा आणून दिला तेव्हा ती सवयीने कप घ्यायला उठली, आणि आक्काने तिला खांद्याला धरून परत बसवलं.

रात्री सुरमई खाल्ली. तिखट कमी होतं. प्रभावती काही बोलली नाही. गाऊन घालून दोघी गॅलरीत बसल्या, पण आक्का गप्प गप्प होती. प्रवासाने अंग दुखतंय म्हणाली आणि लवकर आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

दुसऱ्या दिवशी हर्षद साडेनऊला आला. किल्ल्यावर जायचं ठरलं होतं. गाडी निघाली ती किल्ल्याकडे न जाता शहरात वळली, आणि एका कचेरीच्या आवारात थांबली. हर्षद म्हणाला, आक्काची एक सही हवीय, पाच मिनिटांचं काम, ताई तूही चल, गाडीत उकडेल. आत बाकावर माणसं बसली होती. टेबलामागचा एक लेखनिक हर्षदला ओळखत होता. त्याने कागदांची चळत पुढे केली आणि विचारलं, दोन्ही बहिणींची आधार-पॅन आणि फोटो आणलेत ना?

प्रभावतीला कळायच्या आत आक्काने तिची पर्स तिच्या मांडीवरून घेतली, मधल्या कप्प्याची चेन उघडली आणि पाकीट काढून टेबलावर ठेवलं. लांज्याचे फोटो बाहेर आले. लेखनिक त्यांच्यामागे डिंक लावू लागला.

"थांबा जरा," प्रभावती म्हणाली.

तिने कागद ओढून घेतला. वाचायला तिला वेळ लागला, पण कुणाची घाई तिने मनावर घेतली नाही. हक्कसोडपत्र होतं. घराचं, बागेचं आणि कातळाचं. खाली तिचं नाव छापलेलं होतं, लग्नानंतरचं, वडलांचं नाव कंसात.

हर्षद हळू आवाजात समजावू लागला. आता लपवण्यात अर्थ नाही हे त्यालाही दिसलं. सड्यावरून समुद्र दिसतो. मुंबईच्या एका पार्टीला तिथे रिसॉर्ट काढायचंय. कातळच हवाय त्यांना, झाडं तोडायची कटकट नाही. पण तीन नावांची जमीन ते घेत नाहीत. तुला विचारलं असतं तर तू परत तेच बाबांच्या नावाचं काढलं असतंस. म्हणून म्हटलं, आधी बहिणींना जरा सुख द्यावं, मन प्रसन्न असलं की सही होईल. हे तो अगदी प्रामाणिकपणे सांगत होता. आपण काही वाईट केलं असं त्याला वाटतच नव्हतं.

प्रभावती त्याचं ऐकत होती, पण बघत होती आक्काकडे.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

आक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"आक्का, कधीपासून?"

"पहिल्यापासून," आक्का म्हणाली. मग एकदम भडाभडा बोलू लागली. केतन, तिचा मुलगा, दोन वर्षं घरी बसलाय. हर्षद त्याला मिरजोळ्याला कारखान्यात चिकटवणार आहे. तिची सही तर आधीच ठरली होती, फक्त प्रभाला घेऊन यायचं तिच्यावर होतं. "आणि काय करायचाय गो आपल्याला तो कातळ? तुला एक मुलगी, ती दिल्या घरी सुखी आहे. माझ्या पोराचं लग्न जमत नाय नोकरीवाचून. तुझ्या एका सहीने काय जाणार होतं तुझं?"

"ते गाऊन?" प्रभावतीने विचारलं.

आक्काला कळेना.

"गाऊन कुणी सांगितले होते घ्यायला? हर्षदने?"

"नाय गो," आक्का म्हणाली, आणि तिचे डोळे भरले. "ते माझे मी घेतले. ते खरं होतं. मला खरंच तुझ्यासंगं तीन दिवस राहायचं होतं."

प्रभावतीला ते खरं वाटलं, आणि म्हणूनच जास्त राग आला. नुसतं फसवलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. इथे खरं आणि खोटं अशा मापाने कालवलं होतं की आता दोन महिन्यांतली एक दुपारसुद्धा वेगळी काढून ठेवता येणार नव्हती. तिने फोटो उचलले. ओला डिंक बोटाला लागला. आधार, पॅन पाकिटात घातलं आणि लेखनिकाला म्हणाली, माझी सही नाही, बाकीच्यांचं तुमचं चालू द्या.

हर्षद आवारापर्यंत मागून आला. आता त्याचा आवाज चढला होता. माहेर पाहिजे की नको ते ठरव, म्हणाला. प्रभावतीने वळून सांगितलं, "तू सरळ मागितलं असतंस तर मी नाय म्हटलं असतं. भांडलो असतो आपण. भांडणाऱ्या बहिणीला निदान माणूस तरी समजतात रे."

ती रिक्षाने लॉजवर आली. कपाळावर ऊन घेऊन बसून राहायचं, उरलेले दोन दिवस एकटीनेच काढायचे, असं तिने वाटेत हट्टाने ठरवलं होतं. खोलीची किल्ली मागितली तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, बारापर्यंत खाली करा हां खोली.

तीन दिवसांची आहे, तिने सांगितलं. त्याने वही फिरवून तिच्यासमोर धरली. एकच रात्र होती. पंधरा दिवसांपूर्वी हर्षदनेच केलेली नोंद, त्याच्या सहीसकट. दुसऱ्या दिवशी सही झाली की दोघींना दोन एसट्यांत बसवायचं, एवढाच त्याचा बेत होता.

मागे पावलं वाजली. आक्का आली होती. तिनेही ती वही वाचली. दोनदा वाचली. "मला तीन म्हणाला होता," ती कुणालाच न सांगितल्यासारखं बोलली. "बयो, मला तर तीनच म्हणाला होता." आणि काउंटरच्या कडेला धरून ती रडू लागली. प्रभावतीच्या हाताला सवय होती, लहानपणापासून दोघींतलं कुणीही रडलं की दुसरीचा हात पाठीवर जायचा. तो हात तिने किल्लीवर घट्ट धरून ठेवला आणि ती जिना चढून पिशवी भरायला गेली. गाऊन घडी करून आक्काच्या पिशवीवर ठेवला.

दीडच्या एसटीने ती निघाली. नवऱ्याला फोन केला, तर त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, देऊन टाकायची होतीस सही, तेवढ्यासाठी माहेर कशाला तोडलंस. त्याच्या मागे कुणीतरी गेट उघडायला हाक मारत होतं. बरं, ठेवते, ती म्हणाली.

केतनला नोकरी लागली नाही. हर्षदने आक्काला कळवलं की ठरलेलं काम झालं नाही तर बाकीचं कसं होईल. हे प्रभावतीला चिपळूणच्या मुलीकडून समजलं, कारण आक्काने फोन केला नाही आणि प्रभावतीनेही केला नाही. संक्रांत गेली, शिमगा गेला.

मग हर्षदनेच कातळाच्या वाटपाचा अर्ज घातला. मे महिन्यात मोजणी लागली तेव्हा प्रभावती सकाळच्या गाडीने गेली. सड्यावर सावली कुठेच नव्हती. हर्षद छत्री घेऊन मोजणीवाल्यांबरोबर फिरत होता. आक्का आली नव्हती, तिने तिचा हिस्सा त्याला लिहून दिला होता. समुद्राकडची सगळी बाजू, रस्त्यासकट, त्याच्याकडे गेली. प्रभावतीला मागचा तुकडा आला, उताराकडचा. तिथे जायला त्याच्या जमिनीतून पायवाट, आणि ती पायवाट नकाशात नव्हती. मोजणीवाल्याने चुन्याने कोपऱ्यांवर खुणा केल्या आणि विचारलं, बाई, हद्द मान्य आहे का?

तिने तुकड्याला एक फेरी मारली. पायाखाली कातळ भाजत होता. त्या बाजूने समुद्र दिसत नव्हता, समोरच्या डोंगराची उघडी पाठ तेवढी दिसत होती.

मान्य आहे, ती म्हणाली आणि कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. पूर्ण नाव लिहिलं, वडलांच्या नावासकट, त्यामुळे ते दिलेल्या रकान्यात मावलं नाही. मोजणीवाला म्हणाला चालेल. उन्हातून तिठ्यावरच्या एसटी थांब्यापर्यंत चालत गेली तेव्हा बारा वाजून गेले होते, आणि लांज्याकडे जाणारी गाडी नुकतीच सुटली होती. पुढची अडीचला होती. टपरीवरच्या बाईने तिला ओळखलं, माहेराला आलीस काय गो, असं विचारलं. प्रभावतीने पाणी मागितलं.