बंकटमामाचा कांदा

“उगं बंकटू नको गं!” बुंदीसाठी कोरडेच डोळे चोळत बसलेल्या आपल्या लेकीला, राणीला, पुनमनं दटावलं आणि लगेच जीभ चावली. ओट्यावर पुनमचा बाप सटवाजी बसला होता आणि आज तिच्या आईची तेरवी होती.

सटवाजीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आखाडा बाळापूरच्या त्या पट्ट्यात खोटं रडणाऱ्याला बंकट म्हणतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शब्द आला कुठून, ते आता म्हाताऱ्यांनाच आठवतं. किशनराव गुरुजींनी जत्रेसाठी एक नाटक लिहिलं होतं. त्यातला बंकटमामा हरेक मयताला सगळ्यांआधी हजर, तेरवीच्या जेवणावर डोळा ठेवून गळा काढणारा. हळद शिजवणाऱ्या सटवाजीनं धोतराच्या सोग्यात कांदा लपवून तो असा रंगवला, की लोक हसून लोळले. गुरुजी गेले, नाटक बंद पडलं, पण मामा काही मेला नाही. तो सटवाजीच्या गळ्यात जाऊन बसला. आई गेली तेव्हा सटवाजी रडला, तर तिरडी बांधणारेच तोंड फिरवून हसले. भाऊ गेला तेव्हा हुंदक्यातला मामाचा तो लांबवलेला सूर त्याला स्वतःलाच ऐकू आला. त्यानंतर तो चारचौघांत कधी रडलाच नाही.

नाटकाला हसली नव्हती ती एकटी त्याची बायको द्वारकाबाई. नव्या नवरीनं पदर डोळ्याला लावला होता. “खोटं व्हतं गं येडे,” तो म्हणाला. “आसंल. पर मला न्हाई पाहवत तुमाला रडताना.”

बारा-तेरा दिवसांमागं तिला सरणावर ठेवलं तेव्हा त्याची छाती फुटायला आली होती. पण आत मामानं गळा खाकरला आणि सटवाजीनं ओठ गच्च मिटले. द्वारकेच्या चितेपुढं कुणी हसलं असतं, तर त्याला ते सोसलं नसतं.

“जलमभर रांधून घातलं माझ्या बहिणीनं, अन् ह्याच्या डोळ्याला टिपूस न्हाई,” मेहुणा अमृतराव सगळ्यांदेखत बोलला होता. पुनमही तेव्हापासून बापाशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती.

मांडवामागं शंकरसिंग आचाऱ्यानं कढई चढवली. सटवाजी उठला आणि कांद्याच्या पोत्याशी विळी ओढून बसला.

“ऱ्हाऊ द्या काका, तुमी काहून?”

“बस झालं बसून.”

दुसऱ्याच कांद्याला डोळे भरून आले. मग ते थांबेनात. पाणी मिशीवरून विळीवर टपकत होतं, तोंडातून आवाज मात्र नाही. मामा कुठंच नव्हता. येता-जाता लोक बघत होते, पण हसलं कुणी नाही.

“लय तिखट दिसून राहिला कांदा,” अमृतराव म्हणाला आणि पुढं गेला.

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली पुनम मात्र तिथंच थबकली.

“बास काका, पोतं सरलं,” शंकरसिंग म्हणाला.

सटवाजीचे हात थांबले. डोळे थांबले नाहीत. तो चेहरा लपवायला सोगा शोधू लागला. पुनम झटक्यानं घरात गेली, टोपलीतले उरलेसुरले कांदे ओच्यात घेऊन आली आणि त्याच्यापुढं ओतले.

“बाबा, हे बी चिरा,” ती म्हणाली, आणि लोकांकडं पाठ करून त्याच्यासमोर बसली.