डासबाबांचा प्रसाद

एकोणीसशे अठ्ठ्याण्णवच्या त्या पावसाळ्याअखेर कळंब्याच्या तळ्याकाठी दिवेलागणीला झुंबड उडे. पुरुष उघड्या अंगाने, बायका दंडापर्यंत बाह्या सारून बसत. मधोमध चौथऱ्यावर माजी पैलवान गणपतराव ऊर्फ डासबाबा केवळ लंगोटावर विराजमान. अंगावर डास एवढे, की दुरून काळे कांबळे पांघरल्यासारखे दिसे.

"बगा पावणं! इतकं चावत्यात, ताप आलाय व्हय मला? न्हाय! ह्यो डास माजं रगात पितोय, मग तुमास्नी चावतोय. माजी ताकद तुमच्यात! मारू नगा, प्रसाद पोचवतोय त्यो!"

फवारणीला आलेल्या माणसांना भक्तांनी पंप टाकून पळायला लावले होते.

प्रसेनजीत या प्रकाराला आजवर हसत आला होता. पण त्याची बायको सोनम पहिलटकरीण, आणि पोटातल्या बाळाला ताकद मिळावी म्हणून आई शेवंताबाई तिला उद्या चौथऱ्याला खेटून बसवणार होती.

"आई, शेजारचा आकाराम तिथं बसून बसून हिवतापानं पडला की!"

"त्येच्या मनात किंतू आसंल. बाबा बग, रेड्यागत ठणठणीत हाय."

प्रसेनजीत आकारामवर उपचार करणाऱ्या डॉक्टर पद्मजांकडे गेला. सगळी हकिगत ऐकून त्या आधी खळखळून हसल्या, मग एकदम थांबल्या. "बाबा पूर्वी कुठं होते?"

"गडचिरोलीकडं जंगलात, लाकूडतोडीला. बरीच वर्षं."

"उद्या मीही दर्शनाला येते."

दुसऱ्या संध्याकाळी सोनम चौथऱ्याजवळ बसते न बसते, तोच डॉक्टरांनी हात जोडले. "बाबा, एक थेंब रक्त द्या. भक्तांना सूक्ष्मदर्शकातून तुमच्या ताकदीचं दर्शन घडवते."

"थेंब कशाला, वाटीभर घ्या!"

डॉक्टरांनी काचेवर थेंब घेऊन वाळवला, त्याला रंग दिला. मग सोबत आणलेल्या सूक्ष्मदर्शकातून बॅटरीच्या उजेडात पाहू लागल्या. बराच वेळ काहीच दिसेना. भक्तांनी जयघोष केला. डॉक्टर मात्र काच तसूतसूने सरकवत राहिल्या. "सापडला! या, शेवंताबाई."

"आगं बया, जांभळी अंगठी दिसतीया!"

"हिवतापाचा जंतू. आकारामच्या रक्तात होता तोच."

"पर बाबास्नी ताप न्हाय की!"

"जंगलात वारंवार हिवताप येऊन त्यांचं शरीर सरावलंय. जंतू थोडे, म्हणून ताप नाही. ताप नाही, म्हणून औषध नाही. पण डास तेवढेच जंतू उचलतो, पोटात वाढवतो आणि पुढच्याला देतो. बाबा एवढं मात्र खरं बोलले: प्रसाद पोचतोय!"

मग तळ्याकाठी चापट्यांचा असा कडकडाट झाला, की झाडांवरचे बगळे उडाले. सर्वांत मोठी चापट बाबांची होती.

"आयला, म्हंजी गोळ्या मलाच घ्याव्या लागणार व्हय?"

"व्हय, आनि समद्या घ्या!" शेवंताबाई कडाडली. तिने आपला पदर सुनेच्या दंडावर ओढला. "ऊठ गं पोरी. आधी मच्छरदाणीत चल."

वाचकहो, ताप नसणे म्हणजे जंतू नसणे नव्हे. धडधाकट माणूसही नकळत साथ जिवंत ठेवू शकतो. म्हणून कोणी रक्त तपासायला दारी आले, तर आधी बोट पुढे करावे, छाती मागाहून.