जुन्या लेबलाची डबी

“ही नको, जुनी द्या. हिच्यात काहीतरी मिसळलंय.” बाईंनी गुडघेदुखीच्या कॅप्सूलची डबी काउंटरवर परत ठेवली.

“औषध तेच आहे हो, मावशी. फक्त एक ओळ जास्त छापलीय,” ताई म्हणाली. वनौषधींच्या त्या दुकानात सगळे तिला ताईच म्हणत.

“मग आधी का नाही छापली?”

ओळ साधीच होती : रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या. पण हिरव्या पानाच्या चित्राखाली ती आल्यापासून गिऱ्हाइकांच्या कपाळाला आठ्या पडत होत्या. डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर हातभर सूचना आल्या तरी कोणी वाचत नाही. झाडपाल्याच्या डबीवर एक ओळ आली की लगेच आपल्याला फसवल्यासारखं वाटतं. मालकांनी त्यावर शक्कल काढली. जुन्या लेबलाच्या उरलेल्या डब्या काउंटरखाली ठेवल्या, मागेल त्याला द्यायला.

ताईने मात्र ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली होती. तिचा थोरला भाऊ शिंपी. हृदयाची झडप बदलल्यापासून तो रक्त पातळ करायची गोळी घ्यायचा, आणि पायमशीन चालवता यावं म्हणून या कॅप्सूलही. त्या तीच नेऊन द्यायची. रविवारी त्याच्या दंडावर काळानिळा डाग दिसला. “मशीनला लागलं,” तो म्हणाला. तिने त्याच्या घरातली डबी उचलून आणली आणि डॉक्टरांना दाखवून ये म्हणून बजावलं.

आज तो स्वतःच दुकानात आला. बहिणीकडे न बघता मालकांना म्हणाला, “जुनी डबी द्या एक.”

मालकांनी डबी काढून ताईपुढे सरकवली. “करा बिल.”

“नाही करणार.”

“अगं, रांग आहे मागं,” दादा हळूच म्हणाला. “इतके दिवस घेतोय, काय झालं मला? शाळेचे गणवेश अंगावर आलेत. पाय चालला नाही तर मशीन कोण चालवणार, तू?”

“डॉक्टर दुसरं काहीतरी देतील. विचारून तर बघ.”

“विचारलं की बंद करा म्हणणार. झाडपाला आहे गं तो. पाल्यानं कोणी मरतं का?”

मग मात्र तिचा आवाज चढला. “मालक, हा माझा भाऊ आहे. याला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मला कामावरून काढा हवं तर, पण याला मी ही डबी देणार नाही.”

दादाचे कान लाल झाले. आपलं दुखणं चार लोकांत काढलेलं त्याला कधीच खपायचं नाही. त्याने पैसे खिशात घातले आणि तो निघाला. तिला फार वाईट वाटलं, पण आपलं बोलणं चुकलं असं वाटलं नाही.

रांगेतला पुढचा माणूस सरकला. “त्यांना देत नसाल तर ती जुनी मला द्या.”

काचेतून दादा दिसत होता. कठडा दोन्ही हातांनी धरून तो एकेक पायरी उतरत होता. बाहेर जाऊन हात दिला असता तर त्याने तो झिडकारला असता, हे ती जाणून होती. तो रस्त्याला लागेपर्यंत ती डबीवर हात दाबून उभी राहिली. मग त्या माणसाकडे वळून तिने विचारलं, “तुम्हाला रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?”