मोरीतला चौरंग

मित्रांनो, काळाचौकीच्या आमच्या चाळीत शिरलात की जिन्याखाली चपलांचा ढीग दिसेल. त्या ढिगाखाली मी आहे. फणसाच्या लाकडाचा जुना चौरंग. एका पायानं थोडा लंगडतो, पण अजून मजबूत आहे. माझ्यावर ओल्या चपला ठेवतात, पोरांचे चिखलाचे बूट ठेवतात, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. मलाही चपलांचा राग येत नाही. माझा राग एका माणसावर आहे. मुलांसमोर कडू बोलू नये म्हणतात, पण गोड बोलून बोलून आमच्या घरात जे झालं ते मी पाहिलं आहे. म्हणून आज मी कडूच बोलणार.

माझा जन्म कणकवलीजवळच्या एका गावातला. रामू नावाचा माणूस इथं परळच्या गिरणीत कामाला होता. त्याच्या घरामागचा फणस वादळात पडला, तेव्हा त्यानं गावच्या सुताराकडून मला करून घेतलं. माझ्या पायांवर वेलबुट्टी कोरून घेतली आणि एसटीच्या टपावर बांधून मला मुंबईला आणलं. "आता आपलो गणपती ह्याच्यावर बसतलो," असं त्यानं अख्ख्या चाळीला ऐकवलं होतं. त्या वर्षापासून भाद्रपदात या खोलीत गणपती बसू लागला आणि मी त्याच्याखाली उभा राहू लागलो.

तुम्हाला वाटेल, काय भाग्य! अहो कसलं भाग्य? पाच दिवस फुलं, धूप, मोदक, आणि बाकी अख्खं वर्ष जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर. तिथं अंधार, झुरळं आणि फुटक्या समया. मी मात्र तक्रार केली नाही. मोठ्या मानाच्या वस्तूनं कुरकुरायचं नसतं, असं मला उगीचच वाटायचं.

रामू गेला, त्याचा मुलगाही गेला. घरात उरली रामूची सून मालन आणि तिचा मुलगा स्वप्नील. स्वप्नीलचं लग्न झालं, पोरं झाली, दोन खोल्या पुरेनात. मग त्यानं कर्ज काढून कल्याणला फ्लॅट घेतला. ही खोली विकून कर्ज फेडावं असं त्याच्या मनात होतं. मालन उसळली.

"गणपतीची जागा विकतोस? बापजन्मी कुणी विकली होती का रे?"

"बरं बाई, नाही विकत. भाड्यानं देतो," स्वप्नील म्हणाला.

"दे. पण भाद्रपदात बाहेरची खोली माझ्या गणपतीची. त्यात हो-नाही चालणार नाही. आणि माळ्यावरच्या देवाच्या सामानाला कुणी हात लावायचा नाही."

"सांगतो मी भाडेकरूला. तू काळजी करू नको."

असा स्वप्नील घरमालक झाला. त्याची कल्पना अशी की घरमालकाला काम नसतं. महिन्याच्या पहिल्या तारखेला फोन वाजतो, भाडं जमा होतं, संपलं. बिचारा! पहिल्याच महिन्यात त्याचं घामटं निघालं. एजंटच्या मागे धावला, करार नोंदवायला रजा टाकली, भाडेकरूंची माहिती द्यायला पोलीस ठाण्यात जाऊन बसला. सोसायटीच्या सेक्रेटरीला लाडीगोडी लावली. कारण येणारे भाडेकरू पेशंटवाले होते, आणि सेक्रेटरी म्हणत होता, "आजारी माणूस कशाला रे आणतोस चाळीत?"

स्वप्नीलनं तेव्हा ठणकावून सांगितलं, "काका, माणसं आजारी पडतात. उद्या आपणही पडू." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. माणूस मुळात वाईट नव्हता. म्हणून तर माझा इतका जळफळाट होतो.

भाडेकरू आले आजऱ्याहून. दामूकाका, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, आणि त्यांची मुलगी आकांक्षा. काकांना कॅन्सर होता. परळच्या रुग्णालयात केमोचे डोस चालू होते आणि इथून ते टॅक्सीनं पाच मिनिटांत पोचायचे. आकांक्षा गावी अंगणवाडीत होती, बिनपगारी रजा घेऊन आली होती. पोरगी मोठी नेटकी. भाडं वेळेवर, गॅलरी स्वच्छ, शेजाऱ्यांशी गोड. गणपतीचं सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "बसू देत की! बाबांना मी आतल्या खोलीत झोपवीन. आमच्याबी हातनं सेवा होईल." माळ्याचं सांगायला मात्र स्वप्नील विसरला. त्याला वाटलं, माळ्यावर कशाला कोण चढतंय!

पुढं डोसांनी काकांची ताकद गेली. एके सकाळी अंघोळ करताना ते मोरीत घसरले. थोडक्यात वाचले. आकांक्षानं घाबरून स्वप्नीलला फोन लावला. तिचे हात ओले होते म्हणून फोन स्पीकरवर होता, आणि मी वर माळ्यावर सगळं ऐकत होतो.

"दादा, बाबांना बसून अंघोळ घालायला काही हवंय. इथं जवळ स्टूल कुठं मिळेल?"

"अहो, विकत कशाला घेता?" स्वप्नील ऑफिसच्या गडबडीत होता. "माळ्यावर आमचं सामान पडलंय, त्यात बघा. जे चालेल ते बिनधास्त घ्या. विचारत काय बसता!"

आकांक्षा शिडी लावून वर आली. तिनं लुगडं सोडलं, मला फडक्यानं पुसलं आणि मोरीत नेऊन ठेवलं. दामूकाका भिंतीला धरून आले आणि माझ्यावर टेकले.

"चला, गाडी स्टँडला लागली," काका म्हणाले. अंघोळ झाली की पोरीला सांगायचे, "अकू, डबल बेल दे!" मग ती टमरेल बादलीवर दोनदा वाजवायची आणि दोघं हसायची. आजारानं पोखरलेला माणूस आणि दमलेली पोर, पण सकाळी मोरीत हसू असायचं.

मित्रांनो, खरं सांगतो, मी इतका सुखी कधीच नव्हतो. आता मला रोज कुणीतरी हाक मारत होतं, रोज माझी गरज होती. काकांच्या मांड्या थरथरायच्या, मी घट्ट उभा राहायचो. माझी लंगडी बाजू भिंतीकडं राहील असं आकांक्षा बघायची. देवाला कधी तोल सावरावा लागला नाही. या माणसाला लागायचा, आणि ते काम मला जमत होतं.

मग खालच्या मजल्यावरच्या चव्हाणांच्या छताला ओल आली. चव्हाण स्वप्नीलला फोन करकरून पिडू लागले. प्लंबर येतो म्हणायचा आणि यायचा नाही. शेवटी रविवारी स्वप्नील स्वतःच पाना घेऊन हजर झाला. मोरीत शिरला, बसायला काहीतरी हवं म्हणून मला ओढलं आणि माझ्यावर बसून पाइपचा जोड काढू लागला. मध्येच त्याची नजर माझ्या पायाकडं गेली. नक्षीत जुनी हळद अडकली होती. त्यानं मला ओळखलं.

"अरेच्चा, हा गणपतीचा चौरंग ना?"

आकांक्षा चपापली. "देवाचा आहे? अहो, मला काय ठाऊक! आत्ता उचलते. स्टूल आणते विकत."

"राहू द्या हो," स्वप्नील हसला. "लाकूडच तर आहे. काकांना सोयीचं पडतंय ना? गणपतीच्या आधी मी येऊन धुऊन-पुसून माळ्यावर ठेवतो. आईला कशाला कळतंय!"

दामूकाका दारातून म्हणाले, "देव तुझं भलं करील लेका." स्वप्नीलला त्या दिवशी स्वतःचं केवढं कौतुक वाटलं असेल! आपण किती चांगले घरमालक, नाही का? तो गेला आणि विसरून गेला.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मालन त्याला घेऊन साफसफाईला आली. आकांक्षानं चहा ठेवला. बाहेरची कॉट तिनं आधीच आत सरकवून ठेवली होती. मालन खूष झाली. म्हणाली, "शहाणी आहेस गो बाय." मग तिनं स्वप्नीलला शिडीवर चढवलं. "चौरंग काढ आधी."

स्वप्नील वर चढला आणि तिथंच थांबला. त्याला आठवलं असणार.

"काय रे? मिळेना?"

"मावशी, चौरंग शोधताय का?" आकांक्षा आतून म्हणाली. "तो मोरीत आहे. थांबा, स्वच्छ करून आणते."

मालननं मोरीच्या दारात येऊन मला पाहिलं. माझ्यावर साबणाची वडी पडलेली, बाजूला काकांचा पंचा.  तिचा आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत गेला.

"न्हाणीत? देवाचो चौरंग न्हाणीत? कोणी हात लावला त्याला? माझ्या सासऱ्यानं एसटीवरून आणलेला, अख्ख्या घरात त्याला पाय लागू दिला नाही आम्ही! रोगी माणसाच्या अंघोळीला घेतलात?"

"मावशी, दादांना विचारून घेतला हो. बाबा पडले होते तेव्हा."

मालन शिडीकडं वळली. "तू सांगितलंस?"

झालं. सगळं आता त्या एका माणसावर येऊन ठेपलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आई रडली असती, दोन दिवस अबोला धरला असता, ब्राह्मणाला विचारून माझ्यावर पंचगव्य शिंपडलं असतं. मिटलं असतं. काकांचे दोन डोस राहिले होते, ते इथून झाले असते. मला तोंड असतं तर मीच ओरडलो असतो, की अगं मालन, हा तुझा लेकच माझ्यावर बसून नळ आवळत होता!

स्वप्नील शिडीवरून उतरला. हात झटकले. आणि म्हणाला, "मला नाही बाबा आठवत."

"दादा!" आकांक्षाला खरंच वाटेना. "तुम्ही इथं बसला होतात की. ह्याच्यावरच बसून पाइप लावलात. बाबा, तुम्ही सांगा ना!"

दामूकाका कॉटवर उठून बसले होते. त्यांनी स्वप्नीलकडं पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"जाऊ दे अकू," ते म्हणाले. "माणसाला आठवत नसेल तर आपण काय करणार?"

"म्हणजे माझा मुलगा खोटारडा?" मालन कडाडली. "गणपती यायच्या आत खोली रिकामी पाहिजे मला."

स्वप्नीलनं आकांक्षाला गॅलरीत गाठलं. आवाज अगदी मऊ केला. "आईचं वय झालंय हो, तुम्हीच समजून घ्या. या महिन्याचं भाडं नको मला. दुसरीकडं कुठं होतंय का तेही बघतो."

"भाडं राहू द्या दादा. तुम्ही फक्त आत जाऊन खरं सांगा."

तो आत गेलाच नाही. त्यानं दुसरी जागाही बघितली नाही. करारात नोटिशीची महिनाभराची मुदत होती, ती दाखवली असती तर सेक्रेटरीही म्हणाला असता की थांबा. पण पोरीनं वाद घातला नाही. जिथं आपल्या बापाच्या अंगाला विटाळ म्हणतात तिथं ती थांबणार नव्हती. माझगावला ओळखीनं एक खोली मिळाली, तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा. जाताना तिनं मला घासूनपुसून उन्हात ठेवलं. काका टॅक्सीत बसण्याआधी माझ्याजवळ थांबले, पण टेकले नाहीत. पाय थरथरत होते तरी उभेच राहिले.

मालननं मला घरात घेतलं नाही. "बाटलेला आता नको," म्हणाली. मला जिन्याखाली ठेवलं. रामू असता तर त्यानंच काकांना हात देऊन माझ्यावर बसवलं असतं, हे मी पैजेवर सांगतो. आजारी माणूस बसला म्हणून मी बाटलो, आणि ह्या चपलांनी काय मी पवित्र होतोय का?

गणपती बसला, नव्या कोऱ्या सनमायकाच्या चौरंगावर. आरतीला स्वप्नीलचा आवाज सगळ्यांत वर. आरती झाल्यावर तो मित्रांसोबत जिन्यात उभा होता. त्यातल्या एकानं नुकतीच आपली खोली भाड्यानं दिली होती, त्याला स्वप्नील शिकवत होता. "भाडेकरूशी चांगुलपणा करायचाच नाही, सांगून ठेवतो. एक वस्तू वापरायला दिली की डोक्यावर बसतात."

एवढ्यात चव्हाण प्रसाद घेऊन खाली आले. "अरे स्वप्नील, ते तुझे ड्रायव्हरकाका गेले रे गावाला. मुलगी भेटली होती परवा. त्या जिन्यावरनं चढउतार होईना म्हणाली. डोस तसेच सोडून गेले."

स्वप्नीलच्या हातातला मोदक हातातच राहिला. क्षणभर मला वाटलं, आता तरी बोलेल.

"अरेरे," तो म्हणाला. "पण ते स्वतःहूनच गेले हो. आम्ही काही जा म्हटलं नव्हतं."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंनी शेवटी म्हणायचं असतं की आम्हाला जपा. मी नाही म्हणणार. मला फोडून बंबात घातलंत तरी चालेल. पण उद्या तुमच्यापैकी कुणाच्या हातात जास्तीची किल्ली येईल. कुणी दमलंभागलं माणूस तुमच्या खोलीत राहायला येईल आणि तुमच्या शब्दावर विसंबून एखादी वस्तू उचलेल. तेव्हा घर नीट राखलं नाही तरी चालेल, नळ गळला तरी चालेल. फक्त आई समोर उभी राहून विचारेल तेव्हा 'हो, मीच सांगितलं होतं' एवढं म्हणा. स्वप्नीलला तेवढं म्हणवलं नाही, आणि दामूकाका दोन डोस बाकी ठेवून आजऱ्याच्या गाडीत बसले.