खांद्याची खूण

आपल्या जुन्या दोस्ताच्या, भोंग्याच्या, दारावरची घंटा दाबण्याआधी घड्याळाने दोनदा हात मागे घेतला. बगलेत रेकॉर्ड होती. चाळीस वर्षांपूर्वीची त्यांच्या बँडची ती एकुलती एक रेकॉर्ड कंपनीने पुन्हा काढली होती. ती द्यायचं निमित्त होतं. खरं तर त्याला एक कबुली द्यायची होती. आज दिली नाही, तर पुन्हा धीर व्हायचा नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

घड्याळ म्हणजे बँडचा ड्रमवाला. तालाला इतका पक्का, की दोस्तांनी नावच ते पाडलं. भोंगा सॅक्सोफोन वाजवायचा. गिटारवाला आणि कीबोर्डवाला धरून चौघं. त्यांचं संगीत धड रॉक नव्हतं, धड जॅझही नव्हतं. रॉकवाले म्हणत, "यांच्या तालावर डोकं हलवायला गेलं तर मान लचकते." जॅझवाले नाक मुरडत, "कागद बघून वाजवतात लेकाचे." दोघांचंही खरं होतं. गिटारवाला सात-सात मात्रांचे किचकट तुकडे लिहून आणायचा. त्यातला एक सूर इकडचा तिकडे झालेला त्याला खपत नसे. पण मधोमध तो एक पान कोरं सोडायचा. ते पान भोंग्याचं. तिथे त्याने मनाला येईल ते, मनाला येईल तितका वेळ वाजवायचं, आणि पोट भरलं की डावा खांदा खाली सोडायचा.

भोंगा डोळे मिटून वाजवायचा. बाकी दोघांची मान कागदात. खांद्यावर नजर ठेवायचं काम एकट्या घड्याळाचं. खांदा खाली आला की त्याने ड्रमवर एक लांब गडगडाट करायचा, की चौघांनी पुढच्या लिहिलेल्या तुकड्यात एकदम उडी घ्यायची.

रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम बावीस मिनिटं मावत. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी भोंग्याला काय झालं कोण जाणे, आजवर कधी वाजवलं नव्हतं असं काहीतरी त्याला सापडलं. घड्याळही आधी ऐकतच राहिला. मग त्याची नजर भिंतीवरच्या काट्यांकडे गेली. पुढे त्याचा स्वतःचा दीड मिनिटाचा तुकडा होता, सहा महिने घासून तयार केलेला. बाजू भरली तर कात्री त्यालाच लागणार होती. भोंग्याचा खांदा वरच होता. घड्याळाने गडगडाट केला.

"मी खांदा सोडला?" नंतर भोंग्याने गोंधळून विचारलं.

"सोडलास की! मी काय झोपलो होतो?"

सगळे हसले. भोंगाही हसला. दोन वर्षांनी त्याने वाजवणं सोडलं आणि रंगाच्या दुकानात नोकरी धरली. कंटाळला असेल, असं घड्याळाने मनाशी ठरवून टाकलं.

दार वहिनींनी उघडलं. "अहो, बघा कोण आलंय! काय भावजी, वाट चुकलात?" असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या.

भोंगा आता वाळला होता, पण डोळे तेच मिश्कील. त्याने रेकॉर्ड लावली. दोघं ऐकत बसले. कोऱ्या पानाच्या शेवटाला त्याने बोट वर केलं.

"हं, ऐक. इथे दगा दिला बघ माझ्या खांद्याने. चांगला सूर लागला होता."

घड्याळ म्हणाला, "खांद्याने नाही. मी दिला. तो हलला नव्हता. मला माझा तुकडा वाचवायचा होता."

रेकॉर्डवर त्याच्या ड्रमचा तुकडा सुरू झाला होता. भोंग्याने सुई उचलली.

"हलला नव्हता?"

"नाही."

"अरे, त्यानंतर मी खांदा पट्ट्याने बांधून वाजवायचो," भोंगा सावकाश म्हणाला. "भीतीच बसली. आपल्याला कळतही नाही आणि खांदा हलतो! डॉक्टर झाले, शेक झाले. डॉक्टर म्हणे, खांद्याला काही झालेलं नाही. मग मला वाटलं, डोक्याला झालंय. बांधून घेतलेल्या अंगातून कुठला रे सूर निघतोय?"

"मला ठाऊक नव्हतं."

"विचारलं होतंस कधी?"

भोंगा डोळे मिटून गुणगुणू लागला. सूर जिथे तुटला होता तिथून पुढे. तीन-चार सूर झाले. मग थांबला. पुन्हा पहिल्यापासून घेतलं, पुन्हा तिथेच अडला.

"नाही," तो म्हणाला. "गेलं ते."

"शिव्या दे मला."

"तुला देऊन काय करू? इतकी वर्षं या खांद्याला दिल्या." त्याने आत पाहिलं. "आणि ही रोज रात्री तेल चोळायची. वर्षभर. मी हिच्यावर खेकसायचो, तुझ्या हातात जोर नाही म्हणून. रडायची बिचारी."

आत कपबशांचा आवाज झाला.

"अगं," भोंग्याने हाक मारली, "चहा राहू दे. इकडे ये जरा. याला तुला काहीतरी सांगायचंय."

वहिनी पदराला हात पुसत, हसत बाहेर आल्या. घड्याळ उठून उभा राहिला.