एक वीत वर

"आवं साहेब, दिवा एक वीत वर घ्यायला लागतोय. चवथ्यांदा सांगतोय मी."

उदयसिंहांनी मोबाइलमधून मानही वर केली नाही. "आणि आबांच्या फोटोवर चमक येते, त्याचं काय?"

विश्रामबागेतल्या त्या खासगी दवाखान्याचे ते व्यवस्थापक. तिथला चार फुटी फिशटँक जालिंदरनं दोन वर्षांपूर्वी बसवला, त्यात खरी पाणरोपं रुजवली. टँकच्या मागेच, मालकांच्या वडिलांचा, आबांचा काचेतला फोटो. दिवा वर टांगला की आबांच्या नाकावर पांढरा गोळा उमटे. मग जालिंदर गेला रे गेला की उदयसिंह दिवा खाली ओढून पार पाण्याला टेकवत.

एलईडीचा झोत आधीच चिंचोळा, पाण्यात शिरताना तो आणखी आत वळतो. दिवा टेकवला की मधोमध लख्ख उजेड आणि कोपऱ्यांत अंधार. मधल्या पानांवर शेवाळ चढत होतं, कोपऱ्यातली रोपं उपाशी मरत होती. हे सांगून सांगून जालिंदरच्या तोंडाला फेस आला होता.

"मग फोटो तरी हातभर सरकवा की."

"आबांचा फोटो? शुद्धीवर आहेस ना?"

"बरं, ही झालर लावतो दिव्याला. चमक येणार न्हाई." त्यानं घरी कापून, काळा रंग देऊन आणलेली पत्र्याची पट्टी पिशवीतून काढली.

"पत्रा? टपरी आहे का ही?" उदयसिंहांनी टेबलाखालून एक खोकं पुढे सरकवलं. आत प्लास्टिकची झाडं. "यांना उजेडबिजेड काही लागत नाही. उद्या आबांची पुण्यतिथी, पाहुणे येणार. आजच बसव."

ते खोकं रस्त्यावर भिरकावून द्यावं असं जालिंदरला वाटलं. वीस वर्षं तो कराडपासून सांगलीपर्यंत टँक बसवत होता. मासे किती ठेवायचे, टँक कुठल्या दिशेला ठेवायचा, सगळे विचारत. उजेडाचं एकानंही कधी विचारलं नव्हतं. त्यानं बाही वर केली आणि रोपं उपटून बादलीत टाकायला लागला. मुळं खडीला घट्ट धरून बसली होती.

"काढलं व्हय सगळं?"

मागं हरणाबाई उभी होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिसला यायची, आली की टँकसमोरच्या खुर्चीत बसायची.

"काढाय लावलं, मावशी."

"मी आल्या आल्या त्या कोपऱ्यातलं बारकं रोप बघायची. मागल्या बारीला एक पान नवं आलं हुतं. म्हटलं, ह्ये तग धरतंय तर..." तिनं बादलीकडं बोट केलं. "का वाळत हुतं वो ते?"

जालिंदरनं ओल्या बोटानं काचेवर रेघ ओढून दाखवली. "उजेड पाण्यात शिरला की असा आत वळतोय. कोपऱ्यात पोचतच न्हाई. दिवा वर पायजे हुता."

"किती वर?"

"एक वीत."

"एवढंच?"

"एवढंच."

नर्सनं आतून नाव पुकारलं. हरणाबाईनं बादलीतलं ते रोप एकदा बघितलं आणि पट्टी बांधलेला हात सावरत आत गेली.

जालिंदरनं खोकं फोडून प्लास्टिकची झाडं खडीत रोवली, त्या बारक्या रोपाची जागा तेवढी सोडून. उदयसिंह बघायला आले.

"तो कोपरा राहिला की रे."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि बादली उचलली.