माझ्या पडद्यावरच्या मुंग्या

मी एक जुना टीव्ही आहे, मित्रांनो. पाठीकडून चांगलाच फुगलेला. आताचे टीव्ही कसे सडपातळ, भिंतीला चिकटून राहणारे. मला मात्र भक्कम टेबल लागायचं. कारखान्यात जन्मलो, दुकानाच्या काचेमागे थोडा मिरवलो आणि मग एका शिंपिणीच्या घरी आलो. घरात ती, तिची तरुण लेक आणि म्हातारे सासरे, एवढीच माणसं. शिलाई मशीनच्या समोर मला जागा मिळाली.

काय दिवस होते ते! दर रविवारी संध्याकाळी एक मालिका लागायची. चाकांच्या खुर्चीत बसून ग्रंथालय सांभाळणारी एक मुलगी, तिच्यावर जीव जडलेला एक मुलगा आणि "असली सून मला नको" म्हणून अडून बसलेली त्याची आई. मालिका बघायला आख्खा जिना आमच्याकडे लोटायचा. शेजारच्या काकू पडद्यावरच्या त्या आईच्या नावाने बोटं मोडत. आजोबा सर्दीचं निमित्त करून नाक शिंकरत. आणि आमची शिंपीण तर हुंदके देत म्हणायची, "काळीज आहे की दगड या बाईला? पोरीचे पाय बघते, मन बघत नाही!" ते ऐकून माझा ऊर भरून यायचा. वाटायचं, या घराला मी शहाणं करतोय.

त्याच दिवसांत मी सारखा आजारी पडू लागलो. रविवार जवळ आला, की पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग लेक धावत जाऊन दुरुस्तीवाल्याला घेऊन यायची. लहानपणीच्या तापात त्या तरुणाचा एक पाय वाळला होता. कुबडी टेबलाला टेकवून तो माझ्यामागे बसायचा आणि ती त्याला बॅटरी धरायची. खरं सांगू? मी ठणठणीत होतो! माझ्या पाठीमागची अँटेनाची वायर ही पोरगीच हळूच उपसून ठेवायची. तोही पठ्ठ्या सगळं ओळखून होता. वायर खोचायचं क्षणाचं काम त्याला चहा संपेपर्यंत पुरायचं. नाव मात्र माझं खराब! "कसला रोगट डबा गळ्यात पडलाय," म्हणून शिंपीण माझा उद्धार करायची.

एके दिवशी वायर उपसताना लेक पकडली गेली. तिने सरळ सांगून टाकलं, "आई, मला त्याच्याशीच लग्न करायचंय."

शिंपिणीची कात्री कापडातच थांबली. "त्या कुबडीवाल्याशी? वेड लागलंय का तुला?"

"मालिका बघताना तर रडतेस!"

"मालिका वेगळी, घर वेगळं. पुन्हा तो या घरात दिसता कामा नये."

"लोका सांगे ब्रह्मज्ञान..." आजोबा पुटपुटले आणि चपला घालून बाहेर पडले.

त्यानंतर माझ्या पडद्यावर एकही मुंगी आली नाही. चित्र स्वच्छ दिसे, पण घराची रया गेली. लेक खाली मान घालून काजं करत बसायची, आईशी कामापुरतंच बोलायची. आपण ठणठणीत असल्याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

मग मालिकेचा शेवटचा भाग आला. खोली गच्च भरली. पडद्यावरची मुलगी दारात आली आणि त्या आईने तिच्या तोंडावर दार लावलं.

"कसाई परवडला!" काकू ओरडल्या. "हिला आई कोण म्हणेल?" सगळ्यांनी त्यांची री ओढली.

आमची शिंपीण मात्र लेकीकडे बघत होती, आणि लेक पडद्याकडे बघतच नव्हती. शिंपीण उठली, माझ्यामागे आली. तिने वायर धरली आणि खसकन ओढली. पडद्यावर मुंग्याच मुंग्या!

"अगं, शेवट राहिला की!" काकू किंचाळल्या.

"बिघडला मेला," शिंपीण म्हणाली. मग ती लेकीवर खेकसली, "बघत काय बसलीस? जा, त्याला बोलावून आण. आणि म्हणावं, सावकाश ये, जिना अवघड आहे."

मित्रांनो, मालिकेचा शेवट त्या खोलीत कुणालाच कळला नाही. आता मी त्या दोघांच्या घरात एका कोपऱ्यात असतो. माझ्यावर चित्र येत नाही, तरी तो रोज माझी काच पुसतो. मुलं म्हणतात, ही अडगळ कशाला? तेव्हा दोघं एकमेकांकडे बघून हसतात. तुम्ही पडद्यासमोर खुशाल रडा, मित्रांनो, पण डोळे पुसून झाले की आपल्या दारात कोण उभं आहे तेही बघा. आणि माझ्यासाठी एकच करा. माझ्या पाठीमागची ती वायर अजून सैल आहे, तिला तशीच राहू द्या.